हैदराबादच्या दरबारातून मलबार हिलवर

हिंगोली जिल्ह्यात शेताच्या हद्दीवरून किंवा वारसाहक्कावरून तंटा उभा राहिला की गाडं हमखास एका कागदाशी येऊन थांबतं. तो कागद म्हणजे १९५४चं खासरा पत्रक. तहसिलीतून त्याची नक्कल काढायची, पिवळ्या पडलेल्या पानावरची नावं बोट ठेवून वाचायची, आजोबांचं नाव सापडलं की पुढच्या तारखेला जायचं. इनामी जमीन असेल तर आणखी मागं, मुंतखबापर्यंत, म्हणजे इनामाच्या जुन्या दाखल्यापर्यंत जावं लागतं. तिथं उर्दू वाचणारा माणूस शोधणं आलं. आता असे वाचणारे फार उरलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हैदराबाद गॅझेटबद्दलचा निर्णय काढला तेव्हा साऱ्या राज्याला कळलं, की मराठवाड्याच्या माणसाला स्वतःबद्दलचा पुरावा शोधायला अजूनही हैदराबादच्या दप्तराकडे वळावं लागतं.

ज्या राज्यानं हे कागद तयार केले ते १ नोव्हेंबर १९५६ला नकाशावरून गेलं. कळमनुरीत किंवा वसमतमध्ये १९४० साली जन्मलेला माणूस आपल्या घराचा उंबरठा न सोडता आधी निजामाच्या रियासतीत, मग भारतीय संघराज्यातल्या हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात राहिला. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९९९ला झाला, तोवर तो परभणीचा भाग होता. नाणंही बदललं. हाली सिक्का गेला, कलदार आला. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब एका पिढीच्या जिभेवर होता. पैनगंगा ओलांडून वाशीमच्या बाजूला माल न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात भरावी लागायची. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगावच्या नावात ‘नाका’ अजून आहे.

राज्य गेलं तरी कागद उरतात, शब्द उरतात. माणसांचं काय होतं? शेतकरी शेत कसत राहतो. पण ज्यांचं आयुष्यच त्या राज्याच्या कारभारात गेलं, त्या दिवाणांचं, सचिवांचं, मुत्सद्द्यांचं पुढं काय होतं?

हा प्रश्न जगाला मोठ्या प्रमाणावर पडला तो २५ डिसेंबर १९९१च्या रात्री, क्रेमलिनवरचा सोव्हिएत झेंडा उतरला तेव्हा. येवगेनी प्रिमाकोव यांचा जन्म १९२९चा, कीव्हचा. वाढले ते तिबिलिसीत. १९९१ नंतर ही दोन्ही शहरं त्यांच्यासाठी परदेश झाली. अरबी भाषेचे ते जाणकार. ‘प्रावदा’चे मध्यपूर्वेतले वार्ताहर म्हणून त्यांनी कैरोत मुक्काम केला होता, पुढे सोव्हिएत संसदेच्या एका सभागृहाचे ते अध्यक्ष झाले. देश कोसळल्यावर हाच माणूस रशियाच्या परदेशी गुप्तचर खात्याचा प्रमुख, १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री आणि सप्टेंबर १९९८ मध्ये पंतप्रधान झाला. त्याच डिसेंबरात दिल्लीत येऊन त्यांनी रशिया, चीन आणि भारत या त्रिकोणाची कल्पना मांडली. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेला निघालेले असताना युगोस्लाव्हियावर बॉम्बहल्ले होणार असं कळलं आणि त्यांनी अटलांटिकवरूनच विमान माघारी वळवलं. एदुआर्द शेवर्दनाद्झे सोव्हिएत संघाचे परराष्ट्रमंत्री होते, ते जॉर्जियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. आणि खुद्द गोर्बाचेव? १९९६च्या रशियन अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना जेमतेम अर्धा टक्का मतं पडली. जुन्या राज्याचा चेहरा असलेल्याला नव्या राज्यात जागा मिळाली नाही. ज्यांच्या हातात एखादी कला होती, त्यांना मिळाली.

आपल्याकडे हे सारं त्याच्या चार दशकं आधी घडून गेलं होतं आणि त्याचा सर्वांत ठळक नमुना मुंबईत मलबार हिलच्या राजभवनात जवळजवळ सात वर्षं राहिला. त्यांचं नाव नवाब अली यावर जंग.

हैदराबादच्या बिलग्रामी घराण्याशी त्यांचं आईकडून नातं. आजोबा सय्यद हुसेन बिलग्रामी, म्हणजे इमाद-उल-मुल्क, हे रियासतीतल्या शिक्षणाच्या कारभाराचं मोठं नाव. आई तय्यबा बेगम हिंदुस्थानात पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या मुस्लिम स्त्रियांपैकी. अली यावर ऑक्सफर्डला इतिहास शिकले आणि परत येऊन उस्मानिया विद्यापीठात शिकवू लागले. १९१८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ उर्दूतून उच्च शिक्षण देत होतं. देशी भाषेतून विद्यापीठ चालवायचा तो धाडसी प्रयोग होता. मात्र ती भाषा राज्यातल्या बहुसंख्य मुलांच्या घरची नव्हती. तेलुगू, मराठी, कानडी घरांतली मुलं तिथं उर्दूतून शिकत होती.

अध्यापनातून ते सरकारात गेले. घटनाविषयक व्यवहारांचं खातं त्यांच्याकडे आलं. १९४५-४६ मध्ये उस्मानियाचे कुलगुरू झाले आणि त्यानंतर निजामाच्या मंत्रिमंडळात मंत्री. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मराठवाड्याच्या माणसाला त्या सरकारची आठवण दुसऱ्या बाजूनं आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधीच, १९३८ मध्ये बंदी आली आणि ती उठायला १९४६ उजाडलं. त्याच १९३८च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली, विद्यार्थी अडून बसले आणि शेकडोंना काढून टाकण्यात आलं. त्यांतल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठानं पोटाशी घेतलं. त्यांतला एक विद्यार्थी म्हणजे पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. पुढं ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली आणि रामटेकमधून ते लोकसभेवर निवडून आले. अली यावर जंग या साऱ्या काळात सरकारच्या बाजूच्या खुर्चीत होते. त्यांच्या पुढच्या मोठ्या कारकिर्दीचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं योग्य नाही.

पण १९४७ साली त्या खुर्चीतल्या माणसांसमोर खरी परीक्षा आली. इंग्रज जाणार हे ठरलं. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचं, दीड कोटीहून जास्त वस्तीचं राज्य, चारी बाजूंनी भारतानं वेढलेलं. दिल्लीशी बोलणी करण्यासाठी निजामानं जी माणसं नेमली, त्यांत पंतप्रधान छतारीचे नवाब, घटनातज्ज्ञ इंग्रज वकील सर वॉल्टर मंक्टन आणि अली यावर जंग होते. वाटाघाटी करणाऱ्याला एक गोष्ट दरबारात बसणाऱ्यापेक्षा लवकर कळते: समोरचा कुठवर येईल आणि कुठं थांबेल. भारताशी जमवून घेतल्यावाचून मार्ग नाही, हे या मंडळींना उमगलं होतं. कासिम रझवीच्या इत्तेहाद-उल-मुसलमीनला ते खपलं नाही. इत्तेहादच्या प्रचाराचा रोख अली यावर यांच्यावर वळला आणि १९४७ मध्येच ते मंत्रिपदावरून दूर झाले. २७ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीला निघालेल्या छतारी, मंक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना इत्तेहादच्या जमावानं वेढा घातला. काही दिवसांत छतारीही गेले, आणि रियासतीचा कारभार अशा हातांत गेला ज्यांना हिशेब येत नव्हता. त्यानंतरच्या वर्षभरात हिंगोलीच्या गावांनी इत्तेहादच्या सशस्त्र रझाकारांचे दिवस पाहिले. पैनगंगेपलीकडे उमरखेड, वाशीमकडच्या मुलखात स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ला निजामानं शरणागती पत्करली. तोच आपला मुक्तिदिन.

आता पाहण्यासारखं हे, की त्या दिवसानंतर कोणाचं काय झालं. पंतप्रधान मीर लायक अली नजरकैदेत होते; मार्च १९५० मध्ये ते निसटून पाकिस्तानात पोचले. रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि तोही पाकिस्तानला गेला. निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख झाले. नाव तेच, महाल तोच, अधिकार मात्र सहीपुरता. १९५६ मध्ये राज्यच विसर्जित झालं तेव्हा तेही पद संपलं. एके काळी जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ज्याचा बोलबाला होता तो फेब्रुवारी १९६७ मध्ये हैदराबादेतच वारला. नव्या राजकारणात त्याला जागा नव्हती.

अली यावर मात्र १९४८ मध्येच उस्मानियाच्या कुलगुरुपदावर परत आले. लष्करी प्रशासन होतं, राज्यात जखमा ओल्या होत्या. त्याच काळात उस्मानियाचं शिक्षणाचं माध्यम उर्दू जाऊन इंग्रजी झालं. मराठवाड्यातल्या एका पिढीला याची किंमत मोजावी लागली. शाळेत उर्दू, कॉलेजात इंग्रजी आणि पुढं नोकरीला लागेपर्यंत कचेरीत मराठी! अशी तीन भाषांत हेलकावे खाल्लेली माणसं परभणी, हिंगोली, नांदेडच्या कोर्टांत आणि शाळांत सहज तिन्ही भाषा मिसळून बोलत. त्यांचं मराठी ऐकलं की त्यातून सारी रियासत ऐकू यायची.

१९५२ मध्ये नेहरूंच्या सरकारनं अली यावर यांना अर्जेंटिनात राजदूत म्हणून पाठवलं, १९५४ मध्ये इजिप्तला. कैरोतली त्यांची वर्षं मोठ्या उलथापालथीची निघाली. जुलै १९५६ मध्ये नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. भारताचा पुष्कळसा व्यापार त्या कालव्यातून जात होता, नासर नेहरूंचे मित्र होते आणि ब्रिटनशीही भारताला बोलणं चालू ठेवायचं होतं. अशा वेळी कैरोतल्या भारतीय राजदूताचं काम म्हणजे रोजची तारेवरची कसरत. २९ ऑक्टोबरला इस्राएलची फौज सिनाईत घुसली, ३१ला ब्रिटिश आणि फ्रेंच विमानांनी इजिप्तवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. आणि त्या बॉम्बवर्षावाच्या दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ला, इकडे हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले: तेलुगू भाग आंध्रात, कानडी भाग म्हैसुरात आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात. ज्या राज्याच्या घटनेचे मसुदे या माणसानं वर्षानुवर्षं हाताळले, ते राज्य तो दुसऱ्या एका देशाच्या युद्धाच्या मध्यावर असताना संपलं.

पुढचा प्रवास भरभर सांगता येतो. युगोस्लाव्हिया आणि ग्रीस, मग फ्रान्स. १९५९ मध्ये पद्मभूषण. १९६५ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून ते परतले आणि थोड्याच दिवसांत, एप्रिलमध्ये, प्रवेशातल्या अंतर्गत विद्यार्थ्यांच्या राखीव जागा कमी करण्यावरून भडकलेल्या जमावानं त्यांना इतकं मारलं की ते गंभीर जखमी झाले. अठरा वर्षांपूर्वी हैदराबादेत जमावाच्या राजकारणानं त्यांचं मंत्रिपद घेतलं होतं. अलीगढात जमाव त्यांच्या अंगावर आला. तरी ते १९६८ पर्यंत तिथं राहिले. त्यानंतर अमेरिकेत राजदूत. आणि १९७० मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल.

निजामाच्या मुत्सद्द्यांपैकी राज्यपाल होणारे ते एकटेच नव्हते. रियासतीच्या सनदी नोकरीत घडलेले आणि पुढे हैदराबाद राज्यात मंत्री असलेले नवाब मेहदी नवाज जंग १९६० मध्ये गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. पण अली यावर यांची नेमणूक वेगळी होती. ते त्या राज्यात राज्यपाल म्हणून आले, ज्याच्या पाच जिल्ह्यांवर त्यांच्या जुन्या सरकारनं राज्य केलं होतं. राज्यपाल हा विद्यापीठांचा कुलपती असतो. म्हणून उस्मानियाचा जुना कुलगुरू आता औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा कुलपती झाला आणि १९७२ मध्ये परभणीत निघालेल्या कृषी विद्यापीठाचाही.

ती वर्षं महाराष्ट्रासाठी कठीण होती. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यातल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारावा. खडी फोडणं, नाला बांध, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात उभी राहिली. आणि दुष्काळ ओसरल्यावर मराठवाड्याचा अनुशेषाचा राग उसळला. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला पोलिसांनी गोळीबार केला, तरणी पोरं गेली. आंदोलनाच्या पुढाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ होते, आणि ‘दैनिक मराठवाडा’तून अनंत भालेराव लिहीत होते. दोघंही निजामाविरुद्धच्या लढ्यातले.

घटनेच्या ३७१(२) कलमात मराठवाडा आणि विदर्भाच्या विकासाबाबत राज्यपालाला विशेष जबाबदारी देण्याची तरतूद १९५६ पासूनच होती. पण त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागत होता. तो निघून विकास मंडळं स्थापन व्हायला १९९४ साल उजाडलं. मराठवाड्याच्या जमीनमहसुलापासून शाळांपर्यंतची घडण ज्याला आतून माहीत होती असा राज्यपाल राजभवनात असताना ते कलम नुसतं कागदावर राहिलं, याची हळहळ वाटते. अशी जोडी पुन्हा जमली नाही.

आणि मग २१ फेब्रुवारी १९७५ उजाडला. अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पायउतार झाले होते आणि त्यांच्या जागी शंकरराव चव्हाण आले. नाईक पुसदचे, पैनगंगेच्या उत्तरेकडचे. चव्हाण नांदेडचे, दक्षिणेकडचे. म्हणजे मुख्यमंत्रिपद पैनगंगा ओलांडून मराठवाड्यात पहिल्यांदाच येत होतं. शंकररावांचा जन्म पैठणचा, १९२०चा. कायद्याची पदवी त्यांनी उस्मानियातूनच घेतली होती. वकिली सोडून ते स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्यात उतरले आणि उमरखेडच्या सीमेवरच्या कॅम्पात त्यांनी काम केलं. पुढं नांदेड नगरपालिका, मग पाटबंधारे खातं, जायकवाडी.

शपथविधीत एक छोटासा प्रघात आहे. राज्यपाल फक्त ‘मी’ एवढंच म्हणतात. पुढचं नाव आणि शपथेचा मजकूर समोरचा माणूस उच्चारतो. त्या दिवशी ‘मी’ म्हणणारा माणूस निजामाच्या मंत्रिमंडळात बसलेला होता आणि पुढचं वाक्य उचलणारा त्या मंत्रिमंडळाच्या राज्याविरुद्ध सीमेवर उभा राहिलेला होता. दोघंही एकाच विद्यापीठातले. एक त्या विद्यापीठाचा कुलगुरू झालेला, दुसरा तिथून वकील होऊन बाहेर पडलेला. त्यांचं राज्य अस्तित्वातून जाऊन अठरा वर्षं झाली होती.

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, ११ डिसेंबर १९७६ला, अली यावर जंग राज्यपालपदावर असतानाच वारले. आणीबाणीचा काळ होता. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्यांची कन्या बिल्कीस लतीफ १९८२ मध्ये त्याच राजभवनात राहायला आल्या, कारण त्यांचे पती, माजी हवाईदल प्रमुख इद्रिस हसन लतीफ, महाराष्ट्राचे राज्यपाल झाले होते. लतीफ पुढं फ्रान्समध्ये राजदूत म्हणून गेले. सासरे वीस वर्षांपूर्वी त्याच पदावर होते. बिल्कीसबाईंनी धारावीत काम केलं आणि आपल्या फ्रेंच आईवर एक पुस्तक लिहिलं.

शंकरराव १९९१ मध्ये केंद्रात गृहमंत्री होते आणि पंतप्रधान होते उस्मानियातून काढलेले नरसिंह राव. म्हणजे मॉस्कोत सोव्हिएत झेंडा उतरला त्या डिसेंबरात दिल्लीच्या सत्तेतल्या दोन मोठ्या खुर्च्यांवर हैदराबादची, संपलेल्या एका राज्याची माणसं होती.

मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला केंद्र सरकारची एक संस्था आहे. ऐकू न येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या मुलांच्या तपासणीचं आणि त्यांना शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं काम तिथं १९८३ पासून चालतं. तिच्या पाटीवर अली यावर जंग यांचं नाव आहे. मराठवाड्यातूनही आईबाप लेकराला घेऊन तिथं येतात. पाटीवरचं ‘जंग’ हे आडनाव नव्हे. निजामाच्या दरबारात खान, जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह अशी चढती किताबांची उतरंड होती आणि ‘जंग’ ही त्यातली दुसरी पायरी होती.